न बांधलेली मतं

जून २०२४ मध्ये लोकसभेचा निकाल लागला, तेव्हा बारामती विधानसभा क्षेत्रात सुप्रिया सुळे यांना सुमारे ४८ हजारांची आघाडी होती. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्याच क्षेत्रातून अजित पवार एक लाखाहून अधिक मतांनी निवडून आले. गावं तीच, मतदार बहुतेक तेच आणि मध्ये साडेपाच महिन्यांचं अंतर. ‘लोकसभेला ताई, विधानसभेला दादा’ असं तिथले लोक उघड बोलत होते आणि त्यांनी केलंही तसंच. या मतदारांना कोणत्या रकान्यात घालायचं? निष्ठावंत म्हणावं, तर एका वर्षात त्यांनी दोन विरोधी आघाड्यांना मत दिलं. चंचल म्हणावं, तर जे करणार म्हणाले तेच त्यांनी केलं. त्यांच्या मनात बहुधा काही बदललंच नव्हतं. कुठलं मत कोणाला हे त्यांचं आधीच ठरलेलं होतं, आणि पक्षांनी आखलेल्या रेषा त्या ठरवण्याच्या आड आल्या नाहीत.

हे पुस्तक अशा मतदारांविषयी आहे. कुठल्याच पक्षाला कायमचं न बांधलेला, दर वेळी नव्यानं ठरवणारा किंवा नव्यानं ठरवण्याची मुभा स्वतःकडे राखून ठेवणारा हा मतदार. निवडणूक आली की त्याची दोन चित्रं रंगवली जातात. एका चित्रात तो सुशिक्षित, शहाणा, जाहीरनामे वाचून आणि उमेदवार पारखून मत देणारा असतो. दुसऱ्यात तो कुंपणावर बसलेला, वारं पाहून पाठ फिरवणारा, शेवटच्या दोन रात्रींत फिरवता येणारा असतो. प्रचाराची आखणी करणारे दुसऱ्या चित्रावर विश्वास ठेवतात, अग्रलेख लिहिणारे पहिल्यावर. इतक्या वर्षांच्या संशोधनानंतर ही दोन्ही चित्रं अपुरी ठरली आहेत, आणि ती कशी अपुरी ठरली हाच या विषयाचा इतिहास आहे.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. न बांधलेल्या मतदाराला पक्षांचा पर्याय समजणं चूक आहे. त्याची ताकद पक्षांवरच अवलंबून असते. निवडून दिलेला पक्ष पाच वर्षांनी त्याच नावानं, त्याच चिन्हावर, केल्या-न केल्याची जबाबदारी घेऊन पुन्हा दारात आला, तरच मतदार त्याला ठेवू किंवा घालवू शकतो. पक्षच जागेवर राहिला नाही, तर मत मोकळं असूनही ते लागू पडत नाही. महाराष्ट्र आणि गोव्यात गेल्या काही वर्षांत नेमकं हेच घडलं आहे, म्हणून या पुस्तकाची आत्ता गरज आहे.

या विषयाचा पद्धतशीर अभ्यास अमेरिकेत सुरू झाला. तिथे एकोणिसाव्या शतकात मतपत्रिका सरकार छापत नसे, पक्ष छापत. आपापल्या उमेदवारांची नावं छापलेला कागद पक्षाचा कार्यकर्ता मतदाराच्या हाती देई आणि मतदार तो सर्वांदेखत पेटीत टाकी. एखादं नाव दुसऱ्या पक्षाचं हवं असेल, तर छापलेलं नाव खोडून वर दुसरं चिकटवावं लागे. १८८४ मध्ये रिपब्लिकन पक्षातले काही सुधारणावादी आपल्या पक्षाचे उमेदवार ब्लेन यांना सोडून डेमोक्रॅट क्लीव्हलँड यांच्यामागे गेले, तेव्हा ‘मगवंप’ म्हणून त्यांची भरपूर हेटाळणी झाली. १८८८ पासून राज्यांनी सगळ्या उमेदवारांची नावं असलेली सरकारी मतपत्रिका आणि गुप्त मतदान स्वीकारायला सुरुवात केली. एका पदासाठी या पक्षाचा आणि दुसऱ्यासाठी त्या पक्षाचा उमेदवार निवडणं त्यानंतर सोपं झालं. पक्षापासून अंतर राखणं ही मनाची गोष्ट आहे खरी, पण ती करता यावी म्हणून आधी कागद आणि आडोसा मिळावा लागतो. या पुस्तकात मतदानाच्या यंत्रणेकडे इतकं लक्ष दिलं आहे ते याच कारणानं.

मतदाराच्या मनाचा शोध त्यानंतर पन्नासेक वर्षांनी सुरू झाला. १९४० च्या अध्यक्षीय निवडणुकीत पॉल लाझार्सफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओहायो राज्यातली एरी काउंटी निवडली आणि त्याच त्या सुमारे ६०० माणसांना मे ते नोव्हेंबर दरमहा भेटून प्रश्न विचारले. प्रचारानं किती लोक फिरतात हे त्यांना पाहायचं होतं. फारच थोडे फिरले. घर, धर्म, वस्ती आणि आर्थिक स्थिती यांवरून मत बरंचसं आधीच ओळखता येत होतं. शेवटपर्यंत ठरवू न शकलेल्यांत राजकारणात रस नसलेल्यांचा भरणा होता. विचारपूर्वक तोलून पाहणाऱ्या आदर्श नागरिकाला या अभ्यासानं पहिला धक्का दिला.

दुसरा धक्का मिशिगन विद्यापीठातून आला. अँगस कँपबेल, फिलिप कॉन्व्हर्स, वॉरन मिलर आणि डोनाल्ड स्टोक्स यांचा ‘द अमेरिकन व्होटर’ हा १९६० चा ग्रंथ आजही या क्षेत्राचा पाया मानला जातो. पक्ष ही माणसाची ओळख असते, असं त्यांनी मांडलं. ती घरातून लहानपणी मिळते, धर्मासारखी चिकटून राहते, आणि बातम्या, धोरणं, उमेदवार हे सगळं माणूस त्याच चष्म्यातून पाहतो. ज्याच्याकडे ही ओळख नाही, तो स्वतंत्र बुद्धीचा असेलच असं नाही. त्यांच्या पाहणीत तो राजकारणाची माहिती आणि उत्साह दोन्हींत मागे होता.

व्ही. ओ. की यांना हे पटलं नाही. त्यांचं ‘द रिस्पॉन्सिबल इलेक्टोरेट’ हे छोटं पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर १९६६ मध्ये निघालं आणि मला ते या सगळ्या वाङ्मयातलं सर्वांत मोलाचं वाटतं. अनेक अध्यक्षीय निवडणुकांचे सर्वेक्षण-आकडे घेऊन त्यांनी बाजू बदलणाऱ्यांना वेगळं काढलं. हे लोक अडाणी किंवा उदासीन नव्हते. जे सरकारच्या कामावर नाराज होते ते बाहेर पडले, जे समाधानी होते ते आत आले. लोकांपुढे जसे पर्याय ठेवाल तसं उत्तर मिळेल, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. याच अंगानं पुढे जाऊन १९८१ मध्ये मॉरिस फिओरिना यांनी पक्षनिष्ठेचाच वेगळा अर्थ लावला. मतदार मनात पक्षांच्या कामगिरीचा चालू हिशेब ठेवतो, आणि आपण जिला निष्ठा म्हणतो ती त्या हिशेबातली आजवरची शिल्लक असते. त्याआधी १९५७ मध्ये अँथनी डाउन्स यांनी अर्थशास्त्राच्या भाषेत आणखी एक गोष्ट दाखवली होती. माहिती मिळवायला वेळ आणि कष्ट लागतात. पक्षाचं नाव ते कष्ट वाचवतं, म्हणून सामान्य माणूस पक्षाकडे पाहून मत देतो, आणि त्यात कमीपणा काही नाही.

मग आकड्यांचा घोळ सुरू झाला. अमेरिकेत स्वतःला ‘इंडिपेंडंट’ म्हणवणाऱ्यांचं प्रमाण वाढत गेलं. गॅलपच्या पाहण्यांत गेल्या दशकभरात ते बहुतेक वर्षी ४० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून वर राहिलं आहे, म्हणजे दोन्ही मोठ्या पक्षांपेक्षा जास्त. पण याच लोकांना ‘तरी कुठल्या पक्षाकडे कल आहे?’ असा पुढचा प्रश्न विचारला, की बहुतेक जण एका पक्षाचं नाव घेतात आणि मतदानही साधारण त्यालाच करतात. १९९२ मध्ये ब्रूस कीथ, रेमंड वोल्फिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अख्खा ग्रंथ लिहून हा भ्रम फोडला. खरोखर कुठेच कल नसलेले साधारण दहातला एक निघतात, आणि तेच सर्वांत कमी मतदान करतात. मग बाकीचे स्वतःला स्वतंत्र का म्हणवतात? समारा क्लार आणि याना क्रुप्निकोव्ह यांनी २०१६ च्या त्यांच्या पुस्तकात दिलेलं उत्तर असं, की पक्षांची भांडणं पाहून लोकांना आपला पक्ष सांगायची लाज वाटते. मत तेच राहतं, पण त्या पक्षासाठी चारचौघांत बोलणं आणि राबणं थांबतं. पक्षाला याची झळ मोजता येत नाही, तरी बसते.

अमेरिकेत या मतदाराचं पक्षाशी असलेलं नातं कोर्टातही गेलं. तिथे पक्षाचा उमेदवार प्राथमिक निवडणुकीत मतदारच ठरवतात आणि अनेक राज्यांत मतदार आपला पक्ष सरकारदरबारी नोंदवतो. न्यूयॉर्कसारख्या राज्यात ही नोंद नसेल, तर उमेदवार निवडण्यात भाग घेता येत नाही. मराठी माणसं मोठ्या संख्येनं राहतात त्या न्यू जर्सीत कुठल्याच पक्षात नाव नसलेल्याला ऐन दिवशी येऊन मत देता येतं, पण तेव्हाच त्याची नोंद त्या पक्षात होते. कनेक्टिकटच्या रिपब्लिकन पक्षाला स्वतंत्र मतदारांना आपल्या प्राथमिक निवडणुकीत बोलवायचं होतं आणि राज्याचा कायदा आड येत होता. सर्वोच्च न्यायालयानं १९८६ मध्ये पक्षाच्या बाजूनं निकाल दिला. कॅलिफोर्निया राज्यानं पक्षांवर उलटी सक्ती केली, प्राथमिक निवडणूक सर्वांना खुली करा म्हणून. न्यायालयानं २००० मध्ये तीही रद्द केली. दार उघडायचं की लावायचं हे पक्षानं ठरवावं, असा दोन्ही निकालांचा अर्थ. बाहेरच्या मतदाराचा त्या दारावर हक्क आहे का, हा प्रश्न तिथे अजून धगधगता आहे. आपल्याकडे तो कोणी विचारतच नाही. तिकीट कोणाला मिळणार हे पक्षाच्या सामान्य सदस्यालाही वर्तमानपत्रातून कळतं.

युरोपातल्या अभ्यासाची वाट निराळी होती. लिप्सेट आणि रोकान यांनी १९६७ मध्ये वर्ग, धर्म, प्रदेश अशा जुन्या सामाजिक भेगांवर तिथले पक्ष कसे उभे राहिले ते मांडलं. पुढे त्या भेगा बुजू लागल्या, चर्च आणि कामगार संघटना ओसरल्या, तसे मतदारही पक्षांपासून सुटत गेले. शिक्षण वाढलेला मतदार पक्षाच्या आधाराशिवाय स्वतः निर्णय घेऊ शकतो, असं रसेल डाल्टन यांनी आग्रहानं मांडलं.

भारतात हे सगळे साचे जसेच्या तसे बसत नाहीत. आपल्याकडे मतदारयादीत पक्षाचा रकाना नाही. १९८५ च्या पक्षांतरबंदी दुरुस्तीपर्यंत संविधानात राजकीय पक्षांचा उल्लेखच नव्हता. तरीही पहिल्या दिवसापासून मतदाराची पक्षाशी गाठ चिन्हानं घातली. १९५१-५२ मध्ये प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असे, तिच्यावर चिन्ह चिकटवलेलं असे, आणि मतदार कोरी मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकत असे. त्या निवडणुकीत ३७ अपक्ष लोकसभेवर गेले, १९५७ मध्ये ४२. पक्षाशिवाय उभं राहणं तेव्हा वावगं नव्हतं. पुढे काँग्रेसचं बळ इतकं वाढलं, की दगड उभा केला तरी निवडून येईल असं लोक म्हणू लागले. रजनी कोठारी यांनी १९६४ मध्ये या स्थितीला ‘काँग्रेस व्यवस्था’ म्हटलं आणि एक मार्मिक गोष्ट दाखवली. सत्ता एकाच पक्षाकडे असली, तरी स्पर्धा त्याच्या आतल्या गटांत चालू होती, आणि बाहेरचे पक्ष त्या गटांवर दाब ठेवत होते. नाराज मतदाराला पक्ष सोडावा लागत नसे. तो पक्षातला गट बदले.

एम. एन. श्रीनिवास यांनी १९५५ मध्ये म्हैसूरकडच्या एका गावाबद्दल लिहिताना ‘व्होट बँक’ हा शब्द वापरला, आणि तेव्हापासून भारतीय मतदार हा कुणाच्या तरी खात्यावर जमा असलेली रक्कम आहे, असंच आपण धरून चाललो आहोत. अभ्यासकांनी हे चित्र बरंच सुधारलं. कांचन चंद्रा यांनी २००४ मध्ये दाखवलं, की मतदार आपल्या जातीच्या पक्षाकडे डोळे मिटून जात नाही. त्या पक्षात आपल्या माणसांना जागा आहे का आणि पक्ष निवडून येण्याइतका मोठा आहे का, हे तो मोजतो. प्रदीप छिब्बर आणि राहुल वर्मा यांनी २०१८ मध्ये भारतीय मतदारालाही विचारसरणी असते असं ठामपणे मांडलं. राज्यसंस्थेनं समाजात किती हात घालावा आणि दुर्बल समूहांना किती आधार द्यावा, या दोन प्रश्नांवर ती विभागलेली आहे. मुकुलिका बॅनर्जी यांच्या २०१४ च्या पुस्तकात मत देणं हाच मानाचा प्रसंग म्हणून समोर येतो. ‘लोकनीती’च्या राष्ट्रीय पाहण्यांतून, आणि महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर सुहास पळशीकर, राजेश्वरी देशपांडे, नितीन बिरमल यांच्या लेखनातून, आपल्याला आकड्यांची सलग साखळी मिळाली. या पाहण्यांत ‘मी कुठल्याच पक्षाच्या जवळचा नाही’ असं म्हणणाऱ्यांचं प्रमाण मोठं असतं. पण अमेरिकेचा अनुभव इथे लक्षात ठेवायला हवा. जवळचा नाही असं सांगणं वेगळं आणि मत फिरवणं वेगळं.

महाराष्ट्राचा स्वतःचा इतिहास या बाबतीत फार बोलका आहे. १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्र समितीनं पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसचा धुव्वा उडवला. द्विभाषिक राज्यात काँग्रेस टिकली ती विदर्भ, मराठवाडा आणि गुजरातच्या बळावर. १ मे १९६० रोजी राज्य मिळालं आणि १९६२ मध्ये काँग्रेसनं २६४ पैकी २१५ जागा जिंकल्या. एका मागणीसाठी लोक पक्ष सोडून गेले आणि मागणी पूर्ण झाल्यावर परतले. समितीतल्या पक्षांना हे कृतघ्नपणाचं वाटलं असेल, पण मतदारानं आपलं काम चोख केलं होतं. गोव्यात हे त्याहूनही नेटकं दिसतं. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोमंतकीयांनी ३४ हजारांच्या फरकानं महाराष्ट्रातलं विलीनीकरण नाकारलं. दोनच महिन्यांनी त्यांनी विधानसभेत पुन्हा सत्ता दिली ती विलीनीकरण मागणाऱ्या दयानंद बांदोडकर यांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षालाच. गोवा वेगळा हवा, पण कूळकायदा आणि गावोगाव शाळा यांसाठी बांदोडकर हवेत. काही हजार मतदारांनी तरी हे दोन प्रश्न सुटे करून दोन वेगळी उत्तरं दिली. पक्ष असं सुटं उत्तर देऊ देत नाही, तो सगळं एकत्र बांधून देतो. संधी मिळाली तेव्हा मतदारानं गाठ सोडली.

१९९५ मध्ये विधानसभेवर ४५ अपक्ष निवडून आले. काँग्रेसला ८० जागा, शिवसेनेला ७३ आणि भाजपला ६५. अपक्षांत काँग्रेसचे बंडखोर भरपूर होते. तिकीट नाकारलेल्या आपल्या माणसाला लोकांनी निवडून दिलं, आणि त्यातल्या अनेकांच्या पाठिंब्यावर मनोहर जोशी यांचं सरकार उभं राहिलं. अधिकृत उमेदवार नको म्हणून दिलेलं मत सरकार बदलण्यापर्यंत पोहोचलं. मतदाराला तेवढं हवं होतं का, हे विचारायची सोय मतपत्रिकेत नव्हती. अपक्ष आमदार निवडून आल्यावर एखाद्या पक्षात शिरला, तर त्याचं सदस्यत्व जातं. पण सरकारला पाठिंबा देऊन तो पाच वर्षं हवं तिथे बसू शकतो.

अपक्षाची वाट तशी सोपी नाही. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला अर्जावर एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात. चिन्ह मिळतं माघारीची मुदत संपल्यावर, आणि मतदानाला तेव्हा साधारण दोन आठवडे उरलेले असतात. तेवढ्या दिवसांत कपबशी, शिट्टी किंवा ट्रॅक्टर घराघरांत पोहोचवायचा. २०२४ मध्ये सांगलीत विशाल पाटील यांनी लिफाफा हे चिन्ह पोहोचवून दाखवलं. महाविकास आघाडीच्या जागावाटपात काँग्रेसकडून ही जागा गेली होती आणि आघाडीचा अधिकृत उमेदवार तिसऱ्या क्रमांकावर फेकला गेला. विशाल पाटील निवडून आले आणि त्यांनी काँग्रेसलाच पाठिंबा दिला. मतदारानं पक्षाचा निर्णय मोडून पक्षाचंच बळ वाढवलं. साताऱ्यात त्याच वेळी उलटं घडलं. राष्ट्रवादी फुटल्यावर मिळालेल्या ‘तुतारी वाजवणारा माणूस’ या चिन्हावर लढणारे शशिकांत शिंदे सुमारे ३२ हजारांनी पडले, आणि तुतारी असंच मराठी नाव असलेल्या दुसऱ्या चिन्हावरच्या एका अपक्षाला ३७ हजारांवर मतं मिळाली. ती सगळी चुकून पडली असं म्हणता येणार नाही. पण पंचवीस वर्षं घड्याळाच्या चिन्हावर बोट ठेवणाऱ्या हाताला नवं चिन्ह शोधावं लागलं, हे खरं.

इथून मी माझ्या मूळ मुद्द्यावर येतो. २०१९ मध्ये भाजप-शिवसेना युतीला मत दिलेल्या माणसानं महिनाभरात शिवसेना काँग्रेसबरोबर गेलेली पाहिली. काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडीला मत दिलेल्यानं २०२३ मध्ये राष्ट्रवादीचा एक मोठा गट भाजपबरोबर गेलेला पाहिला. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली. फेब्रुवारी २०२३ मध्ये धनुष्यबाण एका गटाला मिळाला, फेब्रुवारी २०२४ मध्ये घड्याळ. चालू हिशेब ठेवायचा तर तो कोणाच्या नावावर? कोविडच्या काळातल्या कारभाराचं श्रेय किंवा दोष कोणाला? व्ही. ओ. की यांचा मतदार समाधानी असेल तर राहतो आणि नाराज असेल तर जातो. पण सरकारातले निम्मे लोक विरोधात आणि विरोधातले निम्मे सरकारात असतील, तर राहायचं कुठे आणि जायचं कुठे? मतदार फिरला असं आपण सहज म्हणतो. या पाच वर्षांत पक्ष मतदारापेक्षा जास्त वेळा फिरले, आणि ही गोष्ट लोकशाहीचं नुकसान करणारी आहे असं मला वाटतं.

गोव्यात जानेवारी २०२२ मध्ये काँग्रेसच्या उमेदवारांना देऊळ, क्रॉस आणि दर्गा अशा तिन्ही ठिकाणी नेऊन पक्ष सोडणार नाही अशी शपथ घ्यायला लावली होती. ११ निवडून आले. सप्टेंबरात त्यातले ८ भाजपमध्ये गेले. दोन तृतीयांश पूर्ण झाल्यामुळे कायद्यानं हे पक्षांतर नव्हतं, विलीनीकरण होतं. पक्षांतरबंदीचा कायदा एकट्या आमदाराला बांधतो, घाऊक जाणाऱ्यांना वाट करून देतो, आणि ज्याच्या मतावर हे सगळे उभे असतात त्या मतदाराला त्यात कुठेच जागा नाही.

२०२४ चे दोन निकाल वाचतानाही सावध राहायला हवं. लोकसभेला महाविकास आघाडी आणि महायुती यांची मतं जवळपास सारखी होती, जागा मात्र ३० आणि १७. विधानसभेला महायुती मतांत सुमारे १४ टक्क्यांनी पुढे गेली. हा सगळा फरक मत बदलणाऱ्यांमुळे पडला असं धरणं चूक आहे. लोकसभेला सुमारे ६१ टक्के मतदान झालं, विधानसभेला ६६. म्हणजे उन्हाळ्यात घरी राहिलेले लाखो लोक हिवाळ्यात बाहेर पडले. त्यांत बायका मोठ्या संख्येनं होत्या. लाडकी बहीण योजनेचे दरमहा १,५०० रुपये ऑगस्टपासून त्यांच्या स्वतःच्या खात्यावर येऊ लागले होते, आणि निकालानंतर ‘पैशाला भुलल्या’ हा शेरा लगेच मारला गेला. तो मला अन्यायाचा वाटतो. शेतकऱ्यानं हमीभावाकडे पाहून आणि कारखानदारानं कराकडे पाहून मत दिलं, की ते हितसंबंधांचं राजकारण ठरतं. घरातल्या कर्त्या माणसाला न विचारता स्वतःचा हिशेब करणारी बाई तेच करते, तेव्हा शब्द बदलतो. योजनेची वेळ आणि हेतू यांवर टीका जरूर करावी, पण ती सरकारवर करावी.

मोकळ्या मताला आणखी एक अडचण आहे आणि तिच्यावर फारसं कोणी बोलत नाही. मतदान गुप्त आहे ते माणसाचं. गावाचं मत गुप्त नाही. मतमोजणीच्या दिवशी जाळीच्या पलीकडे बसलेले प्रतिनिधी प्रत्येक यंत्राचे आकडे उतरवून घेतात, आणि संध्याकाळपर्यंत कोणत्या बूथवर कोणाला किती लीड मिळाला हे तालुक्याला ठाऊक होतं. हजार-बाराशे मतांच्या बूथवर वस्तीचा कौल लपत नाही. रस्ता, टँकर, ट्रान्सफॉर्मर यांच्या याद्या पुढे त्याच कागदावरून ठरतात अशी लोकांची समजूत असते, आणि ती नेहमीच खोटी नसते. मतपत्रिकांच्या काळात वेगवेगळ्या पेट्यांमधल्या पत्रिका मिसळून मोजण्याची तरतूद होती. यंत्रांचे आकडे तसेच एकत्र करणारं ‘टोटलायझर’ वापरावं, असं निवडणूक आयोगानं २००८ मध्ये सुचवलं आणि विधी आयोगानं २०१५ मध्ये त्याला दुजोरा दिला. ते अजून आलेलं नाही. एकट्या माणसाला स्वातंत्र्य आहे पण त्याच्या वाडीला नाही, अशा ठिकाणी ‘आम्ही सगळे एकाच बाजूला’ हे शहाणपणाचंच उत्तर असतं.

नकाराचा अधिकार २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिला. २०१९ मध्ये लातूर ग्रामीणमध्ये ‘नोटा’ला २७ हजारांवर मतं पडून ते दुसऱ्या क्रमांकावर आलं, पलूस-कडेगावमध्येही दुसऱ्याच. विधानसभेच्या निकालावर त्याचा कायद्यानं काही परिणाम होत नाही. तरी जागावाटपात दुबळा उमेदवार पदरी पडला, की लोक तो खपवून घेत नाहीत, एवढी नोंद त्यातून झाली.

ग्रामपंचायतीकडे मात्र अभ्यासकांनी फार कमी लक्ष दिलं आहे. महाराष्ट्रात ही निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही. पॅनेल बनतं, त्यात दोन-तीन पक्षांची माणसं एकत्र असतात, आणि विधानसभेला एकमेकांविरुद्ध राबणारे चुलतभाऊ इथे एकाच पत्रकावर छापले जातात. निकालानंतर प्रत्येक पक्ष बहुसंख्य ग्रामपंचायती आमच्याच म्हणून सांगतो. पक्षाशिवाय मत देण्याचा सर्वांत मोठा सराव आपल्या मतदाराला इथेच मिळतो. भाऊबंदकी, पाणी, शाळेची खोली आणि सोसायटीचं कर्ज यांचा हिशेब घालून तो पॅनेलमधूनही नावं निवडतो. बारामतीतलं ताई-दादा समजून घ्यायचं असेल, तर ते या सरावापासून समजून घ्यावं लागेल.

या पुस्तकानं हेच करायचं ठरवलं आहे. वर सांगितलेले सिद्धांत आपल्याकडच्या निवडणुकांवर लावून पाहायचे, जिथे बसत नाहीत तिथे ते का बसत नाहीत ते सांगायचं, आणि मतदाराइतकीच पक्षांचीही तपासणी करायची. यात लिहिणाऱ्या लेखकांचं आपसांत एकमत नाही. काहींना जात अजूनही सर्वांत मोठी गाठ वाटते, काहींना सरकारी योजना, काहींना नेत्याचा चेहरा. मी हे मतभेद मिटवायचा प्रयत्न केलेला नाही, कारण हा विषय आज त्याच अवस्थेत आहे. निकालाचा अंदाज वर्तवण्याचं तंत्र यात मिळणार नाही. समाजमाध्यमांवरच्या प्रचाराचा विचार थोडक्यात आला आहे. त्याचा मतांवर परिणाम किती, याबद्दल दावे मोठे आणि पुरावा थोडा आहे.

वाचकांना एक विनंती. पुस्तक वाचायला घेण्याआधी आपल्या मतदान केंद्राचे गेल्या तीन-चार निवडणुकांचे आकडे काढून पाहा. ‘फॉर्म २०’ या नावानं ते राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर मिळतात. लोकसभा आणि विधानसभा शेजारी शेजारी ठेवा, किती मतदान झालं ते आधी पाहा आणि मग कोण वाढलं, कोण घटलं ते पाहा. आपल्या आळीबद्दल आपण जे धरून चालतो, त्यातलं किती खरं आहे ते तिथे कळेल, आणि या पुस्तकातलं कुठलं म्हणणं आपल्याला पटत नाही तेही.